कोंबडीचे खाद्य बदलले, तुमच्या चिकनचे काय?

मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, म्हणजे डीडीजीएस, सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडतो, म्हणून ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात वाढतो आहे. (सोयाबीन शेतकऱ्यांची नाराजी मला समजते.) यामुळे चिकनमधली प्रथिने फारशी बदलत नाहीत. चोथा फार झाला तर मांसातली चरबी मऊ पडते, लवकर खवट होते, इतकेच.

मला काळजी आहे ती बुरशीची. ओलसर मक्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते आणि चोथ्यात ते सुमारे तिप्पट साठते. शिजवूनही ते पूर्ण जात नाही. कोंबडीच्या मांसापेक्षा कलेजीत त्याचा अंश जास्त सापडतो. तुम्हाला हिपॅटायटिस बी किंवा सिरॉसिस असेल, तर कलेजी टाळलेली बरी. चिकन मात्र घाबरून सोडू नका. सिरॉसिसमध्ये प्रथिनांची गरज उलट वाढते.