बॅगांचा संच की सुटी बॅग?

वाचकहो, मे महिना उजाडला की एगैलात दोन गोष्टी हमखास होतात. बाहेर पारा चढू लागतो आणि घराघरांतून कपाटावरच्या बॅगा खाली उतरू लागतात. शाळांच्या सुट्ट्या, विमानाची तिकिटं, "यंदा गावाला कधी?" हा लिफ्टमधला प्रश्न, आणि त्याच्या पाठोपाठ घरोघरी होणारा वार्षिक वाद. आमच्याकडे यंदा वादाचा विषय होता: तीन बॅगांचा नवा संच घ्यायचा, की गरजेपुरती एकच सुटी बॅग?

सौ.चं म्हणणं सरळ होतं. "जुन्या संचातल्या मोठीचं चाक गेलंय, मधलीची चेन अडते, छोटीचा दांडा वर येतो तो खाली जात नाही. फहाहीलला संच लागलेत, तीन बॅगा जवळजवळ एकीच्या भावात. त्यात विचार कसला करायचा?" आम्ही इंजिनिअर. विचार करायचा नाही म्हटलं की आम्हाला हटकून विचार सुचतो. त्यातून आम्ही मूळचे नाशिकचे. १९७१ पासून व्हीआयपीच्या बॅगा जिथे तयार होतात आणि जवळच गोंद्याला सॅमसोनाइटचाही कारखाना आहे, त्या गावच्या माणसाला बॅगेबद्दल मत नसेल तर कुणाला असावं?

आमची पहिली मोठी बॅग आली ती २००१ साली, एम. एस. करायला अमेरिकेला निघालो तेव्हा. त्या काळी अमेरिकेच्या विमानात दोन बॅगा नेता येत, प्रत्येकी ३२ किलोच्या. वडिलांनी दोन बॅगा दोन दुकानांतून आणल्या, एक निळी, एक करडी. आईने त्यांत प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणं आणि दोन वर्षं पुरेल इतका गोडा मसाला भरला. बॅगा जुळत नाहीत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. जुळणाऱ्या बॅगा ही चैन आहे, हे आम्हाला लग्नानंतर कळलं.

तसं पाहिलं तर बॅगेला चाकं असणं हीसुद्धा फार जुनी गोष्ट नाही. माणूस १९६९ साली चंद्रावर उतरला, आणि चाकांच्या सुटकेसचं अमेरिकन पेटंट बर्नार्ड सॅडो यांना मिळालं ते १९७२ साली. तीही पट्ट्याने ओढायची, वळणावर हमखास कलंडणारी. उभी राहणारी, दांड्याची बॅग १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकाने काढली. आपल्या आधीच्या पिढीने आखातात आणलेल्या बॅगा हमालाच्या नाहीतर स्वतःच्या खांद्यावरूनच आल्या.

आता संचाची बाजू आधी मांडू, म्हणजे घरात शांतता राहील. आम्ही २०११ मध्ये २८, २४ आणि २० इंची असा संच घेतला. त्याचा खरा फायदा प्रवासात नाही, घरात आहे. २८ इंची बॅग बाहेरून साधारण ७५ × ५० × ३० सेंटिमीटर, म्हणजे ११२ लिटर जागा खाते. २४ इंची सुमारे ७९ आणि २० इंची सुमारे ४६. तिन्ही वेगळ्या ठेवल्या तर २३७ लिटर, एकीत एक घातल्या तर फक्त ११२. भाड्याच्या घरात, जिथे कपाटावरची जागा हीच आपली माळ्याची खोली, तिथे हा हिशेब छोटा नाही. वर्षातले अकरा महिने बॅग प्रवास करत नाही, नुसती बसून असते.

पण गोची प्रवासात होते. जाताना आपण ब्लँकेट, खेळणी, कपडे नेतो. घडी घातलेल्या कपड्यांचं वजन लिटरला पाव किलोच्या आतबाहेर. २८ इंचीच्या आत ९५ लिटर जागा धरली, तर बॅग भरते तेव्हा सामान २२-२३ किलो होतं. येताना मात्र भाजणी, पापड, कुरडया, मेतकूट, लाडू. हे लिटरला अर्धा किलोच्या वरच. तीच बॅग गच्च भरली तर पन्नास किलो! एका नगाला ३२ किलोच्या वर विमान कंपन्या सहसा हातच लावत नाहीत, कारण तो उचलणारा शेवटी माणूस असतो. मग विमानतळावर बॅग उघडून, सगळ्या रांगेसमोर लोणच्याची बरणी इकडून तिकडे. हे दृश्य आपल्यापैकी कुणी पाहिलं नसेल तर हात वर करावा.

शिवाय टणक २८ इंची बॅग रिकामीच साडेचार-पाच किलोची. २३ किलोच्या मर्यादेत पाच किलो तर आपण प्लास्टिकच नेतो. म्हणून आमचं मत असं, की आखातातल्या कुटुंबाची खरी कामाची बॅग मधली, २४ इंची. खाऊ भरला तरी ती एका माणसाला उचलते. संचात मात्र ती एकच मिळते आणि हव्या असतात दोन.

दुसरी गोष्ट टिकाऊपणाची. स्वस्त संच बहुधा एबीएस प्लास्टिकचे असतात. एबीएस दिसायला छान, पण आपटलं की तडकतं. पॉलिकार्बोनेट दबतं आणि परत येतं, पॉलिप्रॉपिलीन हलकं आणि चिवट. त्यात आपला उन्हाळा. २०१६ च्या जुलैत कुवेतमध्येच मित्रिबाह इथे ५३.९ अंश नोंदले गेले होते. बाल्कनीत ठेवलेली बॅग त्या उन्हात ठिसूळ होते आणि चाकांचं पॉलियुरेथेन न वापरताही भुगा होऊन गळतं. आमच्या मोठीचं चाक प्रवासात नाही, बाल्कनीत मेलं.

तिसरी गोष्ट ओळखीची. २०१४ मध्ये मुंबईला उतरलो आणि पट्ट्यावरून आपली समजून दुसऱ्याचीच बॅग घेऊन नाशिकला पोचलो. तोच रंग, तोच संच. आईने खाऊच्या आशेने उघडली तर आत लहान बाळाचे कपडे आणि दुधाच्या पावडरचे डबे. त्या बाळाच्या घरी काय चाललं असेल या विचाराने आईला जेवण गेलं नाही. टॅगवरचा फोन नंबर होता म्हणून दुसऱ्या दिवशी अदलाबदल झाली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक बॅगेला सौ.च्या जुन्या पैठणीच्या काठाची पट्टी असते. आणि हो, बॅग तुटली वा आलीच नाही तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार लिहून पावती घ्या. माँट्रियल कराराप्रमाणे नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिरा आलेल्या बॅगेची २१ दिवसांत करावी लागते. पॉवर बँक मोठ्या बॅगेत कधीच टाकू नका, ती जवळच्या बॅगेतच हवी.

हा सगळा हिशेब आम्ही एका शुक्रवारी शेजारच्या काकांना ऐकवत होतो. काका इथे १९८० च्या दशकापासून. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "आमच्याकडेही संच होता हो. कपाटावर. ऑगस्ट नव्वदला तसाच राहिला." मग सांगू लागले. इराकी सैन्य आल्यावर बायको-मुलांना घेऊन बसरा, बगदाद करत बसने जॉर्डनला. प्रत्येकाला उचलेल तेवढंच. तिकडून अम्मानहून एअर इंडियाने घरी. त्या ५९ दिवसांत ४८८ फेऱ्यांनी एक लाखाहून अधिक माणसं अशी परतली. "काय घेतलं होतंत?" आम्ही विचारलं. "एक एअरबॅग. कागदपत्रं, मुलांचे कपडे, पाणी. काकूने देव घेतले. वाटेत दोन वेळा वाटलं, तीही टाकून द्यावी." थोडं थांबून म्हणाले, "बॅग घेताना दुकानात एकदा भरलेली आहे असं समजून उचलून बघायची. बाकी रंगबिंग तुमचं तुम्ही ठरवा."

त्या रात्री आम्ही दोघांनी मोकळेपणाने बोलून घेतलं. यंदा कन्या बारावी झाली. ती पुण्याला चालली कॉलेजला. वाद बॅगांचा नव्हताच. तिघांचं कुटुंब म्हणून तीन बॅगांचा संच, हे सौ.च्या मनात पक्कं होतं. सुटी बॅग घेणं म्हणजे एकजण सुटा झाला, हे कबूल करणं. आणि आम्ही लिटर-किलोचे आकडे मांडत होतो, कारण आम्हालाही ते कबूल करायचं नव्हतं. इथे कायमचं राहता येत नाही हे आपण सगळे जाणून आलो, पण मुलं आपल्या आधी जातील हा हिशेब बहुतेकांनी केलेला नसतो.

शेवटी तिघं मिळून दुकानात गेलो. बरोबर मोजायची टेप होती, कारण सुट्या बॅगासुद्धा एकीत एक बसतात. लहानीचं बाहेरचं माप, चाकांसकट, मोठीच्या आतल्या मापापेक्षा कमी असलं की झालं. आम्ही पॉलिप्रॉपिलीनच्या दोन २४ इंची घेतल्या, वेगवेगळ्या रंगांच्या. मोठीला घरीच नवं चाक बसवलं. कन्येने पिवळी निवडली, दुकानातच उचलून पाहिली आणि म्हणाली, "बाबा, भरल्यावर मला एकटीला जिन्यावरून नेता आली पाहिजे ना." आम्ही मान डोलावली.

आता कपाटावर मोठीच्या आत आमची २४ इंची आहे आणि तिच्यात छोटी. पिवळी पुण्याला होस्टेलच्या कॉटखाली आहे. दिवाळीला ती येईल तेव्हा तिच्यात आजीची भाजणी असेल. वजन आम्ही आधीच विचारून ठेवलंय.

तर मंडळी, संच घ्या वा सुटी घ्या, पण ती कोण उचलणार हे आधी ठरवा. आणि पैठणीचा काठ विसरू नका.