हौशी हातांनी राखलेला इतिहास

धागा : यवतमाळ, ज्ञानकोश आणि हौशी संपादकांच्या आवडीनिवडी

१/ विकिपीडियावरील एखाद्या संपादकाचे ‘योगदान’ उघडून पाहिले, की त्याच्या आवडीनिवडी लगेच कळतात. कोणी केवळ रेल्वेस्थानकांच्या नोंदी सुधारतो, कोणी शिलालेखांची छायाचित्रे चढवतो, तर कोणी आपल्या तालुक्याबाहेर पाऊलच टाकत नाही. यावरून एक आक्षेप नेहमी घेतला जातो : ज्याला जे आवडते तेवढेच तो लिहितो, मग अशा कोशावर विश्वास कसा ठेवावा?

२/ छापील कोश आवडीनिवडींपासून मुक्त होते, हे या आक्षेपामागचे गृहीतक आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९१६ मध्ये नागपुरात कंपनी स्थापून, लोकांना भाग विकून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम उभे केले. त्याचे २३ खंड झाले. त्यांतील पहिले पाच खंड म्हणजे प्रस्तावना! वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास हे विषय आधी आले आणि अकारविल्हे नोंदी त्यानंतर सुरू झाल्या.

३/ केतकर मूळचे समाजशास्त्रज्ञ. हिंदुस्थान आणि जग यांचा संबंध हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता आणि त्याची छाप संपूर्ण कोशाच्या रचनेवर पडली. तरीही त्या कोशाला कोणी केवळ ‘छंद’ म्हणत नाही. संपादकाची आवड हा दोष मानायचा, तर मराठी कोशवाङ्मयाचा पायाच सदोष ठरेल.

४/ आता यवतमाळकडे वळू. यशवंत खुशाल देशपांडे हे कायद्याचे पदवीधर; पण त्यांचे मन रमले ते जुन्या पोथ्यांत. यवतमाळच्या ‘शारदाश्रम’ या संशोधनसंस्थेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. विद्यापीठे आणि मोठी ग्रंथालये दूर असलेल्या या गावी बसून त्यांनी महानुभाव पंथाच्या साहित्याचा ध्यास घेतला. ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा त्यांचा ग्रंथ १९२५ चा.

५/ या आवडीचे मोल समजण्यासाठी त्या साहित्याची स्थिती पाहावी लागते. महानुभावांच्या अनेक पोथ्या सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद होत्या. पंथाबाहेरच्या वाचकाला त्यांतील एक ओळही लागत नसे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचे कोडे उलगडून दाखवले आणि दार उघडले.

६/ कल्पना करा, १८८० साली कोणी मराठी विश्वकोश रचला असता, तर त्यात तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’ला योग्य जागा मिळाली नसती. मराठीतील आद्य गद्यग्रंथच गहाळ! संपादकाचा द्वेष त्याला कारण नसता. ग्रंथ होता, पण त्याची ओढ असलेला वाचक त्याच्यापर्यंत पोहोचलेला नव्हता. ही दरी राजवाडे, देशपांडे यांच्यासारख्या झपाटलेल्या अभ्यासकांनी भरून काढली.

७/ आवड जेव्हा अभिमानात बदलते, तेव्हा मात्र खरा धोका निर्माण होतो. गावाच्या नावाची ओढूनताणून लावलेली व्युत्पत्ती, घराण्याला चिकटवलेली राजवंशावळ, मंदिराचे वाढवलेले वय : हौशी लेखनाचे हे जुने रोग आहेत. त्यांवर औषधही जुनेच आहे. पुरावा समोर ठेवावा आणि इतरांना तो तपासू द्यावा.

८/ याचे सुंदर उदाहरण शेजारच्या वाशीमचे. तेथील वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ मध्ये अभ्यासकांसमोर आला. देशपांडे आणि महाजन यांनी तो प्रसिद्ध केला. वाकाटकांची वत्सगुल्म ही स्वतंत्र शाखा त्यामुळे स्पष्ट झाली. पुढे वा. वि. मिराशी यांनी त्याच ताम्रपटाचे पुन्हा संपादन केले.

९/ पहिले वाचन, मग फेरवाचन, मग फेरसंपादन : ऑनलाइन कोशातील ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ ही पाने दुसरे काय करतात? कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला हे तेथे सर्वांना दिसते. संपादकाची आवड लपत नाही, म्हणूनच ती तपासता येते. छापील खंडातील चूक दुरुस्त व्हायला नवी आवृत्ती निघावी लागते.

१०/ मग चिंता कशाची करावी? ज्यांची आवड कोणालाच नाही, अशा विषयांची. लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदला केलेल्या जंगल सत्याग्रहाची नोंद सापडते, कारण त्याचे कागद आहेत. ‘शकुंतला’ रेल्वेचेही चाहते आहेत. पण त्याच जंगलांत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या कोलामांची स्मृती मुख्यतः त्यांच्या द्राविडी कुळातील कोलामी बोलीत, म्हणजे ओठांवर आहे.

११/ ऑनलाइन कोशाचा नियम प्रकाशित संदर्भ मागतो. नियम रास्त आहे. त्याच्याविना अफवांचा बाजार भरेल. पण त्याची किंमत ज्यांचे काही छापलेच गेले नाही त्यांना मोजावी लागते. महानुभावांच्या पोथ्या निदान लिहिलेल्या तरी होत्या. सांगणारा म्हातारा गेला, की मौखिक परंपरेचे अखेरचे पानही जाते.

१२/ म्हणून हौशी संपादकाला ‘तुझ्या आवडी बाजूला ठेव’ असे सांगणे व्यर्थ आहे. आवड गेली तर लिहिणाराच उरणार नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालला आहे तो फावल्या वेळात लिहिणाऱ्या स्वयंसेवकांच्या बळावर. त्याला हवे आहेत वेगळ्या आवडींचे आणखी लोक : वणीचा, केळापूरचा, झरी जामणीचा, घाटंजीचा एकेक तरी.

१३/ इतिहासाची गोडी असलेल्या प्रत्येक तरुणाने आपल्या तालुक्यातील एकच विषय निवडावा. संदर्भ असेल तर नोंद लिहावी. संदर्भ नसेल तर आधी सांगणाऱ्याच्या संमतीने त्याचे बोल टिपावेत आणि एखाद्या नियतकालिकात छापून आणावेत, नोंद त्यानंतर. देशपांड्यांनीही आधी पोथ्या वाचल्या, मग त्यांवर ग्रंथ लिहिला. पुढचा कोशकार शोधायला येईल, तेव्हा त्याच्या हाती काहीतरी लागले पाहिजे.

(धागा समाप्त)