मार्केट यार्डच्या छपरावर रंगातून वीज? आधी शिशाचे उत्तर हवे

पुण्याच्या मार्केट यार्डात फळे-भाजीपाला थंड ठेवायला वीज लागते आणि गाळ्यांच्या छपरांवर उन्हाची कमतरता नाही. सिलिकॉनच्या पॅनलऐवजी तेथे ऊन शोषणारी धातूंची संयुगे चालतील का?

तंत्र काय आहे?
स्वित्झर्लंडमध्ये मायकेल ग्रेट्झेल आणि ब्रायन ओ'रेगन यांनी १९९१ मध्ये रुथेनियमच्या रंगद्रव्यावर चालणारा सौर सेल मांडला. ऊन पडले की रंगद्रव्यातील इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरात उतरतो आणि वीज वाहू लागते.

अडचण कुठे?
रुथेनियम दुर्मीळ आणि महाग. लोह स्वस्त, पण त्याच्या संयुगाने शोषलेली ऊर्जा इलेक्ट्रॉन पुढे सरकण्याआधीच बहुतांशी विरते. शिसे आणि आयोडीन असलेल्या पेरोव्स्काइट सेलनी प्रयोगशाळेत २५ टक्के कार्यक्षमता ओलांडली आहे. पुण्यातील आयसरमध्येही त्यावर संशोधन झाले आहे. मात्र हे सेल ओलाव्याने खराब होतात आणि शिसे विषारी असते.

मग काय करावे?
सिलिकॉनचे पॅनल आजच बसवता येतात. नव्या तंत्रासाठी ते अडवू नयेत. पेरोव्स्काइटचे पॅनल फुटले, तर पावसाच्या पाण्याबरोबर शिसे खालच्या भाजीवर उतरणार नाही, हे चाचणीत सिद्ध व्हायला हवे. तोपर्यंत अन्नाच्या बाजारावर ते चढवू नयेत.