ओझ्याची वाटणी

मे महिन्यात शाळांचे निकाल लागतात, बँका आणि सरकारी कचेऱ्यांतून बदल्यांचे आदेश निघू लागतात आणि नाशिकच्या गंगापूर रोडवर घरसामानाने भरलेल्या टेम्पोंची वर्दळ वाढते. अशोक स्तंभापासून आनंदवल्ली, सोमेश्वरपर्यंतचा हा रस्ता एकेकाळी मळ्यांचा आणि द्राक्षबागांचा होता. पुढे तेथे बंगले आले, मग चारमजली इमारती आल्या. आता त्याही पाडून त्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत. पुनर्बांधणीसाठी घर रिकामे करणाऱ्या कुटुंबाला दोन-तीन वर्षांच्या अंतराने दोनदा बिऱ्हाड हलवावे लागते. अशा रीतीने शहराच्या वाढीबरोबर एक धंदाही वाढला आहे. त्या धंद्याची नोंद मात्र शहराच्या प्रगतीच्या कोणत्याही अहवालात सापडत नाही.

बिऱ्हाड हलवणाऱ्या चार-सहा जणांच्या टोळीला आपण सारे ओळखतो, आणि तरी त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नसते. लग्नातले लोखंडी कपाट, आईची शिवणाची पेटी, देवघर, मुलांची पुस्तके असे घरातले सारे संचित आपण त्यांच्या स्वाधीन करतो. आरसा फुटू नये याची काळजी आपण जातीने वाहतो. माणसाची कंबर मोडू नये याची काळजी मात्र ज्याची त्यानेच वाहावी, अशी आपली अलिखित समजूत असते. आपल्यापैकी कोणी दुष्ट असल्यामुळे ही समजूत झालेली नाही. या व्यवसायाची अर्थव्यवस्थाच आपण कधी नीट पाहिलेली नाही.

ती पाहण्याजोगी आहे. आर्मेन अल्चियन आणि हॅरल्ड डेम्सेट्झ या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९७२ साली लिहिलेला एक निबंध अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असतो. उद्योगसंस्था मुळात निर्माण का होते, याचे उत्तर शोधताना त्यांनी जे उदाहरण घेतले, ते नेमके हमालांचे आहे. दोन माणसे मिळून जड माल मालमोटारीत चढवत असतील, तर दिवसअखेर चढलेल्या एकूण वजनावरून त्या दोघांपैकी कोणी किती काम केले हे सांगता येत नाही. मग एखाद्याने अंग चोरले तर ते ओळखावे कसे? त्यांचे उत्तर असे, की देखरेख करणारा एक जण नेमावा आणि सर्वांची मजुरी भागवून जे उरेल ते त्याला द्यावे, म्हणजे तो डोळ्यांत तेल घालून पाहील. मालक नावाच्या संस्थेचे समर्थन या युक्तिवादातून उभे राहते.

आपल्याकडच्या टोळीने या प्रश्नाचे वेगळे उत्तर फार पूर्वीच काढले आहे. जिन्यावरून कपाट उतरवताना खालच्या पायरीवर असलेल्या माणसाच्या अंगावर वजनाचा मोठा वाटा येतो. वरच्याने हात ढिला सोडला, तर ते खालच्याला त्याच क्षणी आपल्या खांद्यात कळते. त्यासाठी मुकादमाच्या नजरेची गरज लागत नाही. म्हणूनच वर-खाली जागा बदलण्याचा परिपाठ असतो, वळणावर ‘टेकवा’ म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो आणि तो शब्द उच्चारला गेल्यावर कोणी कारण विचारत नाही. वय झालेला गडी उशांची गाठोडी आणि भांड्यांची खोकी उचलतो, तरी वाटणी करताना त्याचा हिस्सा सहसा कापला जात नाही. आज जो तरणा आहे त्यालाही उद्या खोकीच उचलायची आहेत, हे सर्व जण जाणून असतात. एकमेकांची थट्टा, डबा सोडताना भाकरीची देवघेव, नव्या पोराला दोर बांधायला शिकवणे या गोष्टी दुरून पाहणाऱ्याला केवळ मौजेच्या वाटतील. वस्तुतः त्या त्यांच्या कामाच्या साधनांपैकीच आहेत. ज्याच्यावर भरवसा नाही, त्याच्या हाताखाली कोणीही शहाणा माणूस नव्वद किलोंचे कपाट घेऊन जिना उतरणार नाही.

हीच सोबत टोळीचा विमाही असते. एखाद्याचा पाय मुरगळला, तर चार दिवस त्याचा वाटा त्याच्या घरी पोहोचवला जातो. कोणाच्या मुलीचे लग्न निघाले, तर भिशीचा क्रमांक त्याच्यासाठी मागेपुढे केला जातो. येथपर्यंतचे चित्र मनाला सुखावणारे आहे आणि आपण सुशिक्षित मंडळी बहुधा येथेच थांबतो. ‘गरिबांतच खरी माणुसकी असते’ असे एक वाक्य उच्चारले, की आपले कर्तव्य संपते.

परंतु या विम्याला एक मोठी मर्यादा आहे. विमा चालतो तो सर्वांवर एकाच वेळी संकट येत नाही या गृहीतकावर. टोळीतल्या सहाही जणांची संकटे एकाच वेळी येतात. जुलै-ऑगस्टच्या पावसात बिऱ्हाडे हलत नाहीत, तेव्हा सहाही जण रिकामे असतात. २०२० च्या टाळेबंदीत सहाही चुली एकाच दिवशी थंडावल्या. आणि कंबरेचे दुखणे चार दिवसांत बरे होणारे नसते. पंचेचाळिशीत ज्याचे मणके झिजले, त्याला पुढची वीस वर्षे पोसण्याची ताकद तितक्याच गरीब अशा पाच सोबत्यांत कोठून येणार? त्यांच्या आपुलकीला दोष देण्याचे कारण नाही. तिच्यावर आपण जेवढे ओझे टाकले आहे, तेवढे पेलण्यासाठी ती निर्माण झालेली नाही, एवढेच.

यावरचा उपाय महाराष्ट्राला नव्याने शोधायचा नाही. मुंबईच्या बाजारपेठांतील हमालांना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केले आणि त्या लढ्यातून १९६९ साली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. या कायद्याची युक्ती साधी, पण दूरदर्शी होती. हमालाला कायमचा एक मालक नसतो ही अडचण मान्य करून शासन, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ नेमण्यात आले. टोळीची नोंद मंडळाकडे होते. मालक मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरतो. आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार, रजेचा पगार यांची तरतूद होते. मालक रोज बदलला, तरी कामगाराच्या नावाचे खाते बदलत नाही. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीने याच वाटेने जाऊन हमालांना प्रतिष्ठा मिळवून दिली आणि १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त अन्नाचे केंद्रही सुरू केले. नाशिकलाही माथाडी मंडळ आहे आणि बाजार समित्यांतील कामगार त्याच्या कक्षेत आहेत.

मग बिऱ्हाडे हलवणारी टोळीच बहुधा या छायेबाहेर का राहिली? ‘तिचा मालक रोज बदलतो’ हे कारण देता येणार नाही, कारण कायदा जन्मला तो नेमक्या त्याच कारणासाठी. खरे कारण असे, की बाजारातला हमाल रोज एकाच आवारात येतो, तेथे त्याची संघटना बांधता येते आणि आडत्याचे दुकान जागचे हलत नाही. बिऱ्हाडाची टोळी आज एका कॉलनीत, तर उद्या दुसऱ्या शहरात. तिचा एका दिवसाचा मालक म्हणजे कोणी शिक्षक, कोणी कारकून, कोणी निवृत्त अधिकारी. आणि आपण ‘मालक’ आहोत असे या मंडळींच्या स्वप्नातही येत नाही. मधल्या काळात सामान बांधून पोहोचवणाऱ्या कंपन्या उदयाला आल्या. त्यांच्या पावतीवर बांधणी, वाहतूक, विमा असे सारे काही असते. तो विमा मात्र सामानाचा असतो.

बाजारातील हमालाच्या आणि या हमालाच्या कामात आणखीही एक भेद आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने नित्य वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली. आपल्याकडेही शंभर किलोचे पोते पन्नासवर आणा, ही हमालांच्या संघटनांची जुनी मागणी होती आणि ती रास्त होती. पोते अर्धे करता येते. कपाट करता येत नाही. येथे ओझे हलके करण्याचे दोनच मार्ग उरतात, एक जोडीदाराचा खांदा आणि दुसरा यंत्राची मदत. आणि अनेक सोसायट्यांच्या लिफ्टवर पाटी असते, ‘सामान नेण्यास मनाई’. भिंतीच्या रंगाला ओरखडा पडू नये म्हणून चार मजल्यांचा जिना माणसाच्या पाठीवर लादण्याचा हा ठराव सर्वसाधारण सभेत एकमताने संमत झालेला असतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. माथाडीच्या नावाखाली काही ठिकाणी खंडणी चालते, काम न करता पैसे मागितले जातात, अशी तक्रार उद्योजक आणि नागरिक करतात. केरळात हमालांसाठी १९७८ चा स्वतंत्र कायदा आहे. तेथेही नुसते उभे राहून मजुरी मागण्याची प्रथा इतकी बोकाळली, की २०१८ च्या मे महिन्यापासून सरकारला ती बंद करावी लागली. २०२४ च्या एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यातील कांद्याचे लिलाव हमाली, तोलाई आणि लेव्हीच्या वादावरून काही दिवस बंद पडले, तेव्हा वादाशी संबंध नसलेला शेतकरी पोळला गेला. ही उदाहरणे खरी आहेत. पण त्यांतून निघणारा धडा कोणता? जेथे दर जाहीर नाही, पावती नाही आणि जबाबदारी कोणाची हे ठरलेले नाही, तेथे बळाचे राज्य येते. कधी ते संघटनेच्या नावाने येते, तर कधी ठेकेदाराच्या. यावरचा उपाय नियमन मोडण्यात नाही. ते नीट आणि उघडपणे करण्यात आहे.

म्हणून काही सूचना मांडाव्याशा वाटतात. घरसामान हलवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या टोळ्यांची नोंद मंडळाकडे करावी आणि ग्राहकाच्या पावतीवर लेव्हीची रक्कम वेगळी दाखवावी. मंडळाने मजला, अंतर आणि जड वस्तू यांनुसार दराचा तक्ता प्रसिद्ध करावा, म्हणजे दारात घासाघीसही होणार नाही आणि अडवणूकही होणार नाही. सोसायट्यांनी लिफ्टच्या भिंतींना गोणपाट लावून सामानाला वाट मोकळी करावी. त्याला फारसा खर्च नाही. आणि ज्या घरात काम चालू आहे, तेथे टोळीला प्यायला पाणी आणि बसायला सावली मिळावी, हे सांगावे लागू नये.

या पृष्ठाचे वाचक बहुतांशी शिक्षक, कारकून आणि त्या वाटेवरचे विद्यार्थी आहेत. भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय रजा, महागाई भत्ता या गोष्टी आपल्याला आज निसर्गनियमासारख्या वाटतात. त्याही कोणीतरी भांडून मिळवल्या आहेत आणि त्यांचा भार समाजाने वाटून घेतला आहे. आपल्या म्हातारपणाचे ओझे आपण एकट्याने उचलत नाही. जी माणसे जन्मभर दुसऱ्यांची ओझी उचलतात, त्यांच्याच म्हातारपणाचे ओझे तेवढे टोळीतल्या पाच जणांवर सोडून द्यावे, हा कोणता न्याय? टोळीने वाटणीचा धर्म चोख पाळला आहे. त्या वाटणीत आपला हिस्सा घालण्याची पाळी आता आपली आहे.