लांब मुक्कामाचा व्हिसा आणि कराचा निवास : दोन्ही एक नव्हेत

आखाती देशांत पंचवीस-तीस वर्षे नोकरी किंवा धंदा करून निवृत्तीच्या वयाला पोहोचलेल्या आमच्या बांधवांपुढे सध्या एक नवाच प्रश्न उभा आहे. तेथील राहण्याचा परवाना बहुतेकांच्या बाबतीत नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी संपली की परवाना संपतो आणि सामान बांधावे लागते. संयुक्त अरब अमिरातीचा गोल्डन व्हिसा किंवा सौदी अरेबियाचा प्रीमियम परवाना हे दोन्ही मार्ग २०१९ मध्ये खुले झाले खरे, परंतु ते पैसेवाल्यांसाठी किंवा विशेष गुणवत्ता असलेल्यांसाठी आहेत. खेड, महाड, म्हसळा, श्रीवर्धनच्या सामान्य नोकरदाराला त्यांचा उपयोग नाही. अशा वेळी एजंट मंडळी पुढे येतात आणि सांगतात, "मलेशियाचा व्हिसा घ्या. तिकडे कर नाही, आणि इकडे हिंदुस्थानातही तुम्ही अनिवासीच राहाल." आमच्याकडे आलेल्या एका वाचकाने नेमका हाच प्रश्न विचारला आहे. मुलगा क्वालालंपूरला शिकतो, स्वतःची नोकरी संपत आली आहे, हाती आयुष्याची पुंजी आहे. काय करावे?

आमचे उत्तर आम्ही आधीच देऊन टाकतो. एजंटाच्या दोन्ही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, आणि अर्धे खरे हे व्यवहारात पूर्ण खोट्यापेक्षा अधिक महाग पडते.

प्रथम मलेशियाची योजना पाहू. 'मलेशिया माय सेकंड होम' ही योजना २००२ साली सुरू झाली. अटी माफक असल्याने अनेक देशांतील निवृत्त मंडळी तिकडे गेली. ऑगस्ट २०२० मध्ये योजना स्थगित झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती परत आली तेव्हा परदेशातील मासिक उत्पन्नाची अट १० हजार रिंगिटवरून थेट ४० हजारांवर गेली होती आणि मुदत ठेव १० लाख रिंगिटची झाली होती. पुढे २०२४ मध्ये पुन्हा सारे बदलले. आता चांदी, सोने आणि प्लॅटिनम अशा तीन मुख्य श्रेणी आहेत. ठेव अनुक्रमे दीड लाख, पाच लाख आणि दहा लाख अमेरिकन डॉलर, व्हिसाची मुदत पाच, पंधरा आणि वीस वर्षे. शिवाय घर विकत घेणे सक्तीचे असून त्याची किमान किंमत सहा लाख, दहा लाख आणि वीस लाख रिंगिट आहे. या तिन्हींतील सर्वांत खालच्या श्रेणीची नुसती ठेवच सव्वा कोट रुपयांच्या वर जाते. घराची रक्कम वेगळी.

येथे वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. चांदीच्या श्रेणीत व्हिसा मिळतो पाच वर्षांचा, पण घेतलेले घर दहा वर्षे विकता येत नाही. म्हणजे पाहुण्याला राहण्याची परवानगी पाच वर्षांची आणि त्याच्या पैशाला मात्र दहा वर्षांची कैद. नूतनीकरणाची तरतूद आहे हे मान्य. परंतु ज्या योजनेच्या अटी चार वर्षांत दोनदा उलटसुलट झाल्या, तिच्या सहाव्या वर्षाची हमी कोणता एजंट देणार? त्यातच चांदी व सोन्याच्या श्रेणीत नोकरी-धंदा करण्याची मुभा नाही, ती प्लॅटिनमवाल्यांनाच आहे. तिकडे जाऊन छोटेसे हॉटेल किंवा कपड्याचे दुकान टाकू, असे मनात असणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. व्हिसा म्हणजे राहण्याची परवानगी. कराचा निवासी ठरणे ही त्याहून सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. पहिली गोष्ट पासपोर्टातील शिक्क्याने ठरते, दुसरी दिवसांच्या मोजणीने. मलेशियात सर्वसाधारणपणे कॅलेंडर वर्षात १८२ दिवस राहिल्यास माणूस करदृष्ट्या निवासी होतो. थायलंडमध्ये हीच मोजणी १८० दिवसांची आहे. इंडोनेशियात बारा महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा जास्त मुक्काम झाला की माणूस निवासी ठरतो. मॉरिशसमध्ये, जेथे मराठी भाषिकांची जुनी वस्ती आहे, वर्षाला १८३ दिवस किंवा तीन वर्षांत मिळून २७० दिवस असा हिशेब चालतो, आणि तेथील करवर्ष जुलैपासून जूनपर्यंतचे आहे. आपले वर्ष एप्रिल ते मार्च. वर्षेच निरनिराळी असल्याने एक माणूस एकाच वेळी दोन देशांचा निवासी ठरू शकतो, तसाच एकाही देशाचा न ठरणेही शक्य आहे.

एकाही देशाचा निवासी नाही म्हणजे कुठेच कर नाही, असे समजून अनेकजण खूश होतात. ती खुशी आता टिकणारी नाही. २०२० च्या वित्त कायद्याने आपल्या प्राप्तिकर कायद्यात दोन नवीन नियम आणले. १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा आला, तरी ते नियम कायम आहेत. पहिला नियम असा की, परदेशी उत्पन्न वगळून ज्याचे उत्पन्न पंधरा लाख रुपयांच्या वर आहे अशा भेटीस येणाऱ्या अनिवासी भारतीयाला १८२ दिवसांची जुनी सवलत मिळत नाही. तो वर्षात १२० दिवस येथे राहिला आणि मागील चार वर्षांत त्याचे ३६५ दिवस भरले असले, तर तो निवासी ठरतो. दुसरा नियम त्याहून पुढचा आहे. असा भारतीय नागरिक जगात कोठेच निवासाच्या आधारे करपात्र नसेल, तर एकही दिवस येथे न राहता तो भारताचा निवासी मानला जातो.

उदाहरण घेऊ. एका गृहस्थांनी वर्षाचे ११० दिवस गावी, १५० दिवस क्वालालंपूरला आणि उरलेले १०५ दिवस मस्कतला मुलीकडे काढले. दिवसांच्या हिशेबाने ते कोठेच निवासी नाहीत. त्याच वर्षी त्यांनी मुंबईतील जुनी सदनिका विकली आणि नफा पंधरा लाखांच्या वर गेला. झाले, दुसरा नियम लागू झाला. एरवी त्यांचे येथील करपात्र उत्पन्न दोन-तीन लाखांचे असेल, पण एका विक्रीने त्या वर्षाचे सारे गणित बदलले. घर विकायचे वर्ष आणि लांब मुक्कामाचे वर्ष यांचा मेळ आधी घालावा, असे आम्ही म्हणतो ते याकरिता.

तरीही घाबरण्याचे कारण नाही. या दोन्ही नियमांनी निवासी ठरलेला माणूस 'सामान्यतः निवासी नसलेला' या वर्गात मोडतो. परदेशातील पगार, भाडे, ठेवी यांवर त्याला येथे कर लागत नाही. आखातात प्रामाणिकपणे नोकरी करणाऱ्यांच्या पगारावर कर लावण्याचा हेतू नाही, असा खुलासा सरकारने फेब्रुवारी २०२० मध्येच केला होता. परंतु आमच्या व्यापारी बांधवांसाठी त्यात एक काटा आहे. परदेशातील जो धंदा भारतातून नियंत्रित होतो, त्याच्या उत्पन्नावर या वर्गातील माणसालाही येथे कर द्यावा लागतो. दुकान दुबईत, मालक मुंबईत, आणि माल कोणता घ्यायचा, उधारी कोणाला द्यायची हे सारे येथून फोनवर ठरते. असे किती धंदे आपल्या माहितीत आहेत, हे वाचकांनी स्वतःच मोजावे.

कायमचे परत येणाऱ्यांनाही एक सूचना. जो दहापैकी नऊ वर्षे अनिवासी होता, किंवा मागील सात वर्षांत येथे ७२९ दिवसांहून जास्त राहिला नाही, त्याला परतल्यावर साधारण दोन-तीन वर्षे याच वर्गाचा लाभ मिळतो. परदेशात अनिवासी असताना घेतलेले घर किंवा ठेव परतल्यानंतरही ठेवण्यास परकीय चलनाचा कायदा आड येत नाही. मात्र लाभाची वर्षे संपून पूर्ण निवासी झाल्यावर ती मालमत्ता विवरणपत्रात दाखवावीच लागते. क्वालालंपूरचे घर दाखवायचे राहून गेले, तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपयांपर्यंत खाली येणारा दंड नव्हे, तर सरळ दहा लाखांचा दंड होऊ शकतो. भूल आणि लबाडी यांतला फरक नंतर सिद्ध करीत बसावे लागते.

बाहेरच्या देशांचे नियमही स्थिर नाहीत. थायलंडमध्ये पूर्वी परदेशातील कमाई पुढच्या वर्षी आत आणली की कर लागत नसे. १ जानेवारी २०२४ पासून एका खातेनिहाय आदेशाने ही वाट बंद झाली. त्या तारखेनंतर कमावलेले पैसे निवासी माणसाने केव्हाही आणले तरी ते करपात्र ठरतात. मलेशियाने व्यक्तींच्या परदेशी उत्पन्नाला २०३६ अखेरपर्यंत सूट दिली आहे, पण तीही अटींसह आणि मुदतीची. 'तिकडे कर नाही' या वाक्याचा खरा अर्थ 'तिकडे आज कर नाही' एवढाच आहे. आणि खुद्द आखातातही वारे फिरले आहे. ओमानने २०२५ मध्ये कायदा करून वर्षाला ४२ हजार रियालच्या वरील उत्पन्नावर पाच टक्के वैयक्तिक कर २०२८ पासून ठरविला आहे.

मग करावे काय? आमच्या मते, ज्याचा मुलगा किंवा भाऊ तेथे स्थायिक आहे, ज्याच्या हाती ठेव आणि घर वजा जाता दहा वर्षांच्या खर्चाची सोय उरते, त्याने मलेशियाचा जरूर विचार करावा. तेथील हवामान कोकणासारखे दमट आणि पावसाचे, हलाल खाण्याची अडचण नाही, मशिदी जवळ. पण ज्याची सारी पुंजी ठेवीत आणि घरातच संपते त्याने या फंदात पडू नये. आधी साध्या भेटीच्या परवान्यावर जाऊन त्याच्या मुदतीत भाड्याच्या घरात राहून पाहावे. तेवढ्यात घरच्या मंडळींना ते मानवते की नाही, हेही कळते.

जो जाईल त्याने दिवसांची वही ठेवावी. आजकाल अनेक विमानतळांवर यंत्राच्या दारातून जाताना पासपोर्टवर शिक्काच पडत नाही. तेव्हा बोर्डिंग पास, तिकिटे, भाड्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. ज्या देशाचे निवासी म्हणून कराराचा फायदा हवा असेल, त्या देशाच्या कर खात्याकडून निवासाचा दाखला दरवर्षी घ्यावा. दोन्ही देशांनी निवासी ठरविलेच, तर भारत-मलेशिया करारात कायमचे घर कोठे, कुटुंब आणि आर्थिक संबंध कोठे, नेहमीचा मुक्काम कोठे, या क्रमाने निकाल लागतो. दाखला नसेल तर कराराचा लाभ मिळत नाही.

शेवटी आमच्या जमातींना व व्यापारी मंडळांना एक विनंती. परदेशी घरांची प्रदर्शने भरविणाऱ्यांना सभागृह देण्यापूर्वी, त्याच सभागृहात एखाद्या चांगल्या चार्टर्ड अकाउंटंटला एक दिवस बसवा. ज्या माणसाने उन्हात तीस वर्षे काढून पुंजी जमविली, त्याने ती सही करण्यापूर्वी दोन तास हिशेब समजून घेतला तर त्यात कमीपणा नाही. तो त्याचा हक्क आहे, आणि तेवढी सोय करून देणे हे आपल्या सर्वांचे काम आहे.