खलनायकाचे ऋण

खलनायक रंगविणारा नट मनानेही खलच असला पाहिजे, ही समजूत आपल्या समाजातून, ख्रिस्ती कुटुंबांतूनही, अद्याप पुरती गेलेली नाही. पवित्र आठवड्यातील दुःखसहनाच्या नाट्यात येशूच्या भूमिकेसाठी तरुण हौसेने पुढे येतात. ज्युदास मात्र कुणाच्या तरी गळ्यात मारावा लागतो. या मनोवृत्तीला आमचा स्पष्ट विरोध आहे.

निळू फुले (१९३०–२००९) यांची कारकीर्द पाहा. राष्ट्र सेवा दलाच्या मुशीत घडलेला हा माणूस पुण्यात माळीकाम करी आणि तुटपुंज्या पगारातून दलाला वाटा देई. कलापथकातून तो वगनाट्यात आला, 'कथा अकलेच्या कांद्याची'ने गाजला आणि अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'तील (१९६८) झेलेअण्णांमुळे चित्रपटात स्थिरावला. पुढे मग्रूर पाटील आणि लंपट सरपंच त्याच्या वाट्याला इतके आले, की खेड्यापाड्यांतील अनेक स्त्रिया त्याला खरोखरीच दुराचारी समजू लागल्या. प्रत्यक्षात हा गृहस्थ अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आणि सामाजिक कृतज्ञता निधीच्या कार्यात उभा होता!

कुणी म्हणेल, अशा भूमिकांनी दुर्गुणांना आकर्षक रूप येते. हा आक्षेप सर्वस्वी पोकळ नाही. एकच साचा पुन्हापुन्हा गिरवून निर्मात्यांनी फुल्यांना स्वस्तात वापरले, हे आम्हांला मान्य आहे. पण तो दोष मागणी करणाऱ्यांचा. साचा मोडण्याची संधी मिळाली तेव्हा या नटाने काय केले? जब्बार पटेल यांच्या 'सामना'त (१९७५) त्याने साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील असा उभा केला, की सत्तेची मगरूरी आणि तिच्या पोटातील भय एकाच वेळी दिसावे. हिंदुराव कागदी राक्षस असता, तर मारुती कांबळेविषयी डॉ. लागूंच्या मास्तरांनी विचारलेल्या प्रश्नाला वजन आले असते काय? 'सिंहासन'मधील (१९७९) पत्रकार दिगू तर खलनायकही नव्हे. सत्तेचा बाजार पाहून विदीर्ण होणारा तो साक्षीदार आहे.

पाप कसे बोलते, कसे हसते, कसे गोंजारते हे ओळखल्याखेरीज त्याचा त्याग कशाचा करणार? पापाचा चेहरा दाखविणारा नट प्रवचनकाराचा शत्रू नसून सहकारी आहे. येथे ख्रिस्तसभेचा इतिहासही निर्मळ नाही. १६७३ मध्ये पॅरिसला मोलिएर वारला, तेव्हा नट म्हणून त्याला ख्रिस्ती दफन नाकारण्यात आले. राजाच्या मध्यस्थीनंतर त्याला रात्रीच्या अंधारात पुरले गेले. त्याच ख्रिस्तसभेने पुढे, नाझींनी व्यापलेल्या क्राकोवमध्ये चोरून नाटके करणाऱ्या एका तरुणाला पोप जॉन पॉल दुसरे म्हणून शिरोधार्य मानले; त्यांनी १९९९ मध्ये कलावंतांना उद्देशून पत्र लिहिले. म्हणजे विवेक जागा होऊ शकतो. केवळ तीन शतके लागतात!

आमच्या धर्मग्रामांनी तरी इतका वेळ घेऊ नये. नाट्यस्पर्धांत सर्व सन्मान नायकाच्या पदरात टाकण्याची रीत बंद व्हावी. ज्युदास आणि पिलात यांसाठी सर्वांत कसदार नट निवडावेत आणि प्रयोगानंतर त्यांची टवाळी न करता त्यांचे हात हाती घ्यावेत. तीस नाण्यांचा मोह किती खरा वाटू शकतो, हे ज्या नटाने आम्हांला दाखविले, त्याने आम्हांला सावध केले आहे. ते ऋण नाकारणे हा कृतघ्नपणा होय.