नर्सिंग चार्जेस

गेल्या पावसाळ्यात आईला तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात पाच दिवस ठेवावं लागलं. रात्रपाळीला सिस्टर एकच, बावीस-तेवीस वर्षांची. चौदा खाटा तिच्या एकटीच्या अंगावर. आईच्या हाताला शीर सापडेना, तेव्हा तिनं तो सुरकुतलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरून बराच वेळ चोळला, ऊब आणली आणि एका टोचणीत सुई बसवली. पहाटे चारला ती स्टुलावर बसून एकेका पेशंटचा ताप, नाडी, लघवी किती झाली ते कागदावर उतरवत होती. मी विचारलं, "पोरी, पगार किती देतात गं?" मान वर न करता म्हणाली, "आठ हजार, काका."

तीन वर्षांचा जीएनएम नर्सिंग डिप्लोमा, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत रीतसर नोंदणी, फीसाठी बापानं विकलेल्या दोन म्हशी. आणि आठ हजार. तेही मिळावेत म्हणून मार्कशीटपासून नोंदणीच्या प्रमाणपत्रापर्यंत सगळी ओरिजिनल दवाखान्याच्या कपाटात जमा. दोन वर्षांच्या आत काम सोडलं तर पन्नास हजार भरायचे, मगच कागद परत. याला बॉण्ड म्हणतात. मी याला वेठबिगारी म्हणतो. गावच्या पाटलानं गड्याचा बैल अडकवून ठेवावा, तसे हे पोरीच्या शिक्षणाचे कागद अडकवून ठेवलेले.

बिल हातात आलं तेव्हा त्यात एक ओळ होती: नर्सिंग चार्जेस, रोजचे ५०० रुपये. खाटा भरलेल्या असल्या तर चौदा खाटांचे दिवसाला ७,००० झाले. त्या पोरीच्या महिन्याच्या पगाराला फक्त हजार कमी. महिन्याचे २ लाख १० हजार. तिन्ही पाळ्या आणि सुट्टीची बदली धरून चार सिस्टर लागल्या, तरी त्यांच्या हातात मिळून ३२,००० पडतात. तिच्या नावानं पैसे आपण मोजतो आणि तिच्यापर्यंत पोचतो त्यातला चतकोर सुद्धा नाही.

पण सगळं पाप दवाखानदाराच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. तो आठ हजार देतो, कारण दारात सात हजारांत उभी राहणारी दुसरी पोर आहे. कोरडवाहू शेतीत राम नाही, गावात दुसरा धंदा नाही, आणि 'नर्सिंग केलं की नोकरी पक्की' असं सांगून तालुक्या-तालुक्यात कॉलेजं निघाली. नोकरी मागायला गेलं की विचारतात, अनुभव आहे का? अनुभव हवा तर आधी फुकट नाहीतर पाच हजारांवर 'ट्रेनी' म्हणून राबा. इकडे सरकारी वॉर्डात एका सिस्टरच्या वाट्याला चाळीस-चाळीस पेशंट येतात. माणूस हवं आहे तिथं पुरेशी भरती नाही, आणि शिकलेलं माणूस घरी बसून आहे. नोकऱ्यांचा तुटवडा आहे, मान्य. पण रोगी कमी झालेत का?

२२ मार्च २०२० ला आपण गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. ३ मेला हेलिकॉप्टरमधून दवाखान्यांवर फुलं पडली. त्याच वर्षी कोविड सेंटरांत कंत्राटावर घेतलेल्या पोरींनी पीपीई किटच्या आत घामानं भिजत परक्यांची मरणं पाहिली; नातेवाईक लांब उभे होते, डोळे मिटले ते यांनी. साथ ओसरली, ऑर्डर संपली, या पोरी घरी. मग २०२१ ची आरोग्य विभागाची भरती परीक्षा आली. सप्टेंबरची तारीख ऐन आदल्या दिवशी पुढे ढकलली, तेव्हा कितीतरी उमेदवार परजिल्ह्याच्या गाडीत बसलेले होते. ऑक्टोबरात परीक्षा झाली तर पेपर फुटले, खात्यातलीच माणसं पकडली गेली, पुढे परीक्षा रद्द. नवी जाहिरात निघायला २०२३ उजाडलं. खुल्या वर्गाला अर्जाची फी १,००० रुपये. आठ हजार पगारातले हजार.

२०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्रानं नेमलेल्या समितीनं शिफारस केली: ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही नर्सला २०,००० पेक्षा कमी पगार नसावा, २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका द्यावा. केरळात नर्सेस रस्त्यावर उतरल्या तेव्हा २०१८ मध्ये तिथल्या सरकारला किमान २०,००० अधिसूचित करावे लागले. आपल्याकडं ही शिफारस किती दवाखान्यांत पोचली, ते एखाद्या सिस्टरला विचारून पाहा. तिनं या शिफारशीचं नावही ऐकलेलं नसतं.

आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्यानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्गशी करार केला: कुशल मनुष्यबळ पुरवू, त्यात नर्सेसही. जाणाऱ्या पोरींचं कल्याण होवो. पण परक्यांना ज्या हातांची किंमत कळते, ते हात आपल्या आईच्या उशाशी असताना आपण त्यांना आठ हजारांत राबवतो, याची लाज आपल्याला वाटायला हवी.

ती वाटत नाही, कारण आपण या कामाला 'सेवा' म्हणून टाकलंय. सेवा म्हटलं की पगाराचं बोलणं हलकं ठरतं. त्याखाली याहून जुनं काही आहे. मलमूत्र, पू, रक्त यांना हात लावणाऱ्याला आपण शतकानुशतकं उंबऱ्याबाहेर ठेवलं. आज तो हात पांढऱ्या बाहीतून येतो, म्हणून आत घेतो. पण स्थळ बघताना 'नर्स नको, नाइट ड्यूटी असते' म्हणणारी घरं माझ्या नात्यातही आहेत. सावित्रीबाई फुल्यांनी १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, आणि त्याच रोगानं १० मार्चला त्या गेल्या. त्यांचा हार घातलेला फोटो या दवाखान्याच्या काउंटरमागे होता. त्याच्याच खाली ते कपाट.

निघताना ती पोर जिन्यात भेटली. शुक्रवारी जिल्ह्याला कंत्राटी भरतीच्या मुलाखती होत्या. मूळ कागदपत्रं पाहिल्याशिवाय आत घेत नाहीत. तिच्या हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये झेरॉक्स होत्या. आईला बाकावर बसवून मी पुन्हा वर गेलो आणि डॉक्टरांना म्हणालो, "एका दिवसासाठी तिचे कागद द्या. ती परत आणून देईल, मी जामीन राहतो."

ते म्हणाले, "तुमच्या पेशंटचा डिस्चार्ज झालाय ना?"

समोर बाकांवर नऊ-दहा नातेवाईक बसले होते. रात्री त्यांच्याही माणसांच्या उशाशी तीच जागली होती. कुणीही काही बोललं नाही.